साडेसहा नंबरचे हातमोजे

नागपूरहून येणाऱ्या पार्सलमध्ये दर दोन महिन्यांनी तिच्यासाठी एक खोका असतो. साडेसहा नंबरचे सर्जिकल हातमोजे. दवाखान्याच्या साठ्यात सात आणि साडेसातचे असतात. साडेसहाचे कधी येतात, कधी येत नाहीत. "थोडा मोठा मोजा घातला तर काय बिघडतं?" असं मी विचारलं, तेव्हा तिने समजावत बसण्याऐवजी कपाटातून साडेसातचा जोड काढला, हातावर चढवला, दोरा घेतला आणि टेबलाच्या कडीला गाठ मारून दाखवली. प्रत्येक बोटाच्या टोकाला रबराची बारीक शेंडी मोकळी राहत होती. गाठ आवळताना ती शेंडी दोऱ्यात अडकली. तिने सोडवली, पुन्हा गाठ मारली, पुन्हा अडकली.

"पोटाच्या आत, रक्तात, दिसत नसताना हे होतं," ती म्हणाली.

ती जनरल सर्जन आहे. वडसा परिसरात काम करते. तिचा दवाखाना वैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे, हे मी लिहिणार नाही, कारण तसा शब्द दिला आहे. या भागात बाई सर्जन इतक्या थोड्या आहेत की एवढं सांगितलं तरी लोक नाव ओळखतील.

तिच्या टेबलाजवळ लोखंडी पाट आहे. टेबल उंच माणसाच्या बेताने लावलेलं, सोबतचे डॉक्टर सहा फुटांचे. म्हणून ती पाटावर उभी राहते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या काही अवजारांच्या मुठी तिच्या एका हातात मावत नाहीत, दाबताना दुसरा हात लावावा लागतो. एम.एस. करताना एका वरिष्ठांनी ते पाहून सांगितलं होतं, हात लहान असेल तर ब्रांच बदल. अवजार बदला असं कोणी म्हणालं नाही. गेली नऊ वर्षं ती त्याच हातांनी ॲपेंडिक्स, हर्निया, फुटलेली आतडी, अस्वलाने फाडलेले चेहरे शिवते आहे.

*

वडसा म्हणजे देसाईगंज. कागदोपत्री तालुका देसाईगंज, लोकांच्या तोंडी आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आली ती या एका टोकाला. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणारी लाइन वडशाला जिल्हा जेमतेम शिवून पुढे जाते. वडसा-गडचिरोली हा बावन्न किलोमीटरच्या आसपासचा नवा मार्ग कित्येक वर्षं व्हायचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे लांबच लांब पसरलेला. जिल्ह्याच्या गावापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या घरात. तीन-चतुर्थांशाहून अधिक जंगल. वडशाचा माणूस आजारी पडला की पूल ओलांडून ब्रह्मपुरीला जातो. तिथे दवाखान्यांची रांगच आहे. तिथे भागलं नाही तर नागपूर. पण कुरखेडा-कोरचीकडून येणाऱ्याला वडसा हेच पहिलं मोठं गाव.

आणि दिवाळीनंतरचं वडसा तर वेगळंच. झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी म्हणतात ती हीच. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथे उघडतात, गावोगावचे लोक बुकिंगला येतात, मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या निमित्ताने होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पडदा उघडतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटे संपतं. त्यात काम करणाऱ्या बायका लेकरं घरी ठेवून रात्रभर गातात, रडतात, हसवतात, सकाळी गाडीत झोपून दुसऱ्या गावी पोचतात. रात्री घराबाहेर राबणारी बाई वडशाला नवी नाही. लेकरू कोणाजवळ ठेवायचं हा प्रश्नही नवा नाही. त्याचं उत्तर प्रत्येकीने आपापलं शोधलं आहे, एवढंच.

*

मला बाई सर्जनच्या विषयाकडे ओढलं ते माझ्या आत्याने. ती वडशापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात दिली होती. चार बाळंतपणं झालेली, पावसाळाभर रोवणीत गुडघाभर चिखलात वाकलेली. तिचं अंग बाहेर यायचं. गर्भाशय खाली उतरून बाहेर येणं, याला आमच्याकडच्या बायका एवढंच म्हणतात. लुगड्याच्या घडीचा बोळा करून ती ते आत दाबून ठेवायची आणि भाताच्या बांधीत उतरायची. किती वर्षं? मोठ्या मुलीचं लग्न झालं तेव्हापासून, असं तिने नंतर सांगितलं. म्हणजे अकरा वर्षं. दवाखाना होता, डॉक्टर होते, डॉक्टर चांगलेही होते. पण पुरुष होते. आत्या त्यांच्याकडे तापाची गोळी घ्यायला जायची आणि गोळी घेऊन परत यायची. शेवटी नागभीडहून छोट्या गाडीने नागपूरला नेलं, तिथे एका बाई डॉक्टरने विचारलं आणि आत्या पहिल्यांदा बोलली.

तिच्यासारख्या किती असतील, याचं उत्तर याच जिल्ह्यात मिळालेलं आहे आणि ते जगभर वाचलं गेलं. डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या लेक. नागपूरहून स्त्रीरोगशास्त्रात एम.डी., मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, आणि १९८६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था. तेव्हा तज्ज्ञांचा समज असा की खेड्यातल्या बाईचा आरोग्यप्रश्न म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांचीच नव्हे, तक्रार नसलेल्यांचीसुद्धा. ६५० जणी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा एक तरी आजार निघाला आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला.

हे आकडे खूप जणांनी खूप वेळा उद्धृत केले आहेत. मला त्यांच्या मागची गोष्ट महत्त्वाची वाटते. गावातल्या इतक्या बायका अंतर्गत तपासणीला तयार होतात, हेच आधी कोणाला खरं वाटलं नसतं. तपासणारी बाई होती, त्यांच्या बोलीत त्यांच्याशी बोलत होती, ओसरीवर बसून त्यांचे शब्द शिकत होती, म्हणून त्या आल्या. बाई सर्जनचा विषय निघाला की तो लगेच तिच्या हक्काचा, तिच्या करिअरचा होतो. तो आहेच. पण गडचिरोलीत तो आधी माझ्या आत्याचा आहे. जिथे रोगी पुरुषासमोर कपडा बाजूला करत नाही, तिथे बाईच्या हातात सुरी नसेल तर तो आजार शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

आमच्या सर्जनबाईंच्या ओपीडीत एका मंगळवारी मी कोपऱ्यात बसले होते. स्तनात गाठ असलेल्या दोघी, मूळव्याधीने हैराण झालेल्या चौघी, भगेंद्राची एक. तिने जाताना विचारलं, "मॅडम, आपरेशन तुमीच करान ना? का त्या दुसऱ्या सायबायकडे देसान?" मॅडम म्हणाल्या, मीच करीन. बाईने पदर सावरला आणि गुरुवारी येते म्हणाली. त्या मंगळवारी मॅडमना एकोणतीस तास झोप नव्हती, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं.

*

बाई आणि शस्त्रक्रिया हा महाराष्ट्रात जुना विषय आहे. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं ते स्त्री रुग्णांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हाती. त्याची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना इंग्लंडला शिकायला पाठवण्यासाठी मदत उभी केली. न कळत्या वयात झालेलं लग्न न मानणाऱ्या, त्यासाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटात आयुष्यभर राबल्या. नंतर कामा हॉस्पिटलची सूत्रं डॉ. जेरुशा झिराड या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या डॉक्टरांकडे आली, १९२८ ते १९४७. पुढे बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, मग १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव यावं हा निर्णय त्यांचा. नवजात बाळांची पोटं उघडून शिवणाऱ्या हातांनी तो कागद बदलला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण जंगलात ही गोष्ट कशी घडली ते पाहायचं तर याच जिल्ह्यातल्या हेमलकशाला जावं लागतं.

तिथला लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे नागपुरात सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, ते अर्धवट सोडून गेले. हे महाराष्ट्राला पाठ आहे. डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकलेल्या होत्या, हे तितकंसं पाठ नाही. वैद्यकातला कोणीही सांगेल: सर्जनने सुरी उचलायच्या आधी रोग्याचा श्वास कोणाच्या तरी हाती असावा लागतो. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात नद्यांनी वाट तोडलेली, अशा ठिकाणी तो श्वास मंदाताईंच्या हाती होता. त्याच हातांनी घर चालत होतं, येणाऱ्याजाणाऱ्याची भाकरी होत होती, तीन मुलं आणि वाघ-बिबट्यांची पिल्लं वाढत होती. मुलं माडिया मुलांबरोबर प्रकल्पाच्याच शाळेत शिकली. घर आणि काम यांच्यात तिथे भिंत नव्हती, म्हणून तोल सांभाळण्याचा प्रश्नही कोणी विचारला नाही. २००२ ची पद्मश्री प्रकाशभाऊंना मिळाली. २००८ चा मॅगसेसे मात्र दोघांना मिळून. २०१८ मध्ये अभय बंग आणि राणी बंग या दोघांना पद्मश्री मिळाली. काळ थोडा पुढे सरकला हे त्यातून दिसतं. हेमलकशाच्या पुढच्या पिढीत डॉ. दिगंत यांच्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अनघा आमटे आहेत.

राणीताई आणि मंदाताई या दोघींपुढे मी मनापासून हात जोडते. तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. त्यांचं उदाहरण देऊन आपण एम.एस. झालेल्या तिशीतल्या मुलीला विचारतो, त्यांना जमलं, तुला का जमत नाही? त्यांनी एका ध्येयासाठी, जोडीदारासह, सगळं आयुष्य एका जागी लावलं. नोकरी म्हणून चोख काम करून संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यावा, असं वाटणाऱ्या मुलीला त्या मापाने मोजणं अन्याय आहे. जिल्ह्याला संत लागतात तेवढेच रजेवर जाऊ शकणारे सर्जनही लागतात.

*

शिकण्याच्या वर्षांपासूनच हे माप चुकतं. निवासी डॉक्टरला सलग बारा तासांहून अधिक ड्यूटी नसावी, आठवड्याला ४८ तास असावेत, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवलं आहे. सर्जरीचा कुठलाही निवासी डॉक्टर हे ऐकून मान हलवतो आणि वॉर्डाकडे चालू लागतो. एम.बी.बी.एस.च्या वर्गात मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली. पण पुढे शाखा निवडताना त्या स्त्रीरोग, बालरोग, भूल, नेत्र, त्वचा यांकडे वळतात किंवा वळवल्या जातात. आमच्या मॅडमना प्रवेशाच्या वेळी एकाने विचारलं होतं, लग्न कधी करणार? शेजारच्या मुलाला विचारलं होतं, अल्सरची गुंतागुंत सांग.

पहिल्या खेपेला त्या पाच महिन्यांच्या गरोदर होत्या. रात्री दोन वाजता आतडं फुटलेला रोगी आला, चार तास पाटावर उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी बाळ गेलं. त्या उभं राहण्याने गेलं असं त्या म्हणत नाहीत, कोणी म्हणू शकत नाही. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ६९२ स्त्री सर्जनांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४२ टक्के जणींचा गर्भ कधी ना कधी गेला होता, सर्वसाधारण लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा किंवा अधिक तास शस्त्रक्रिया करणाऱ्यांना गुंतागुंतीही जास्त झाल्या. ती पाहणी मी त्यांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली.

"ताई, मला वाटत होतं मीच कमी पडले," एवढंच बोलल्या.

कायदा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा झाली, पगारी रजा बारावरून सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. पण ही तरतूद लागू होते दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी. वडशासारख्या गावात सहा खाटांचा दवाखाना काढून बसलेल्या बाईला रजा कोण देणार? ती बंद तर दवाखाना बंद, बँकेचा हप्ता चालू. आणि सरकारी जागेवरची बाई सव्वीस आठवडे गेली तर तिच्या जागी कोण, याचं उत्तर बहुधा कोणीच नाही. मग तिच्या रजेचा राग सहकाऱ्यांच्या मनात साठतो, रोग्यांना नदी ओलांडावी लागते आणि ती बाळाला कुशीत घेऊन फोनवर औषधं सांगत राहते.

घर आणि काम यांचा तोल हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. त्यात सगळा भार जणू तिच्या कसबावर आहे. मी मॅडमचा आठवडा लिहून काढला. तिच्या मुलाला शाळेच्या गाडीत बसवतात सासूबाई, वय ६८, गुडघे दुखतात. स्वयंपाकाला येणारी ताई सकाळी सहाला येते. स्वतःच्या मुलीला बहिणीकडे सोडून. रात्री कॉल आला तर घरात थांबायला नवरा. तो शिक्षक, निवडणुकीची ड्यूटी लागली की तोही नाही. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावाहून गाडी चालवत येतात. ते दुसरीकडे अडकले असतील तर रोगी, सर्जन, सिस्टर, नातेवाईक सगळे घड्याळाकडे बघत बसतात. साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला अठरा आठवड्यांचं भुलेचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना याचसाठी निघाली. म्हणजे एका बाई सर्जनच्या मागे चार-पाच माणसं उभी असतात, आणि त्यांत बायकाच जास्त. सासूबाईंचा गुडघा जास्त दुखला त्या आठवड्यात दोन ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. सरकारी नोंदीत त्याचं कारण लिहायला रकाना नाही.

रात्रीचं आणखी एक. या जंगलाला वाघाची भीती खरी आहे. तेरा माणसं मारलेला सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनविभागातच जेरबंद झाला. रानटी हत्तीही अलीकडे छत्तीसगडकडून येतात. पण मॅडमना विचारलं तर त्या दवाखान्याच्या मागच्या बाजूचा बंद पडलेला दिवा दाखवतात. ड्यूटी रूमच्या दाराला आतून कडी नव्हती, ती त्यांनी स्वतः सुताराकडून बसवून घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. इथे त्या आठवड्यात सुतार आला.

बाईच्या हातची शस्त्रक्रिया डावी असते का, हा प्रश्न अजून दबक्या आवाजात विचारतात म्हणून सांगते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तेरा लाखांहून अधिक रोगी आणि २,९३७ सर्जन यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पुरुष सर्जनने शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांमध्ये महिन्याभरात मृत्यू येण्याची शक्यता, बाई सर्जनने केलेल्या स्त्रियांपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त आढळली. मृत्यू मुळात थोडेच होते, आणि नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. पण हात लहान आहे म्हणून ब्रांच बदल, हे सांगायला आता कोणाकडे आधार उरलेला नाही.

*

गडचिरोलीत २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, शंभर जागांचं. त्यातल्या मुलींना इथेच, आपल्या बोलीत रोगी तपासायला मिळेल. त्यातल्या एखादीने सर्जरी मागितली तर तिच्या मापाचं टेबल आणि सोबत दुसरी बाई सर्जन असावी, एवढं आजपासून मोजून ठेवता येईल. दर ठिकाणी एक नको, दोन हव्यात. एकटी असेल तर ती थोर ठरते किंवा मोडते. दोघी असतील तर आळीपाळीने झोपतात.

गेल्या पावसाळ्यात मॅडमच्या जोडीला सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर एक मुलगी आली. नुकतीच एम.एस. झालेली, वर्ध्याकडची. पहिल्या दिवशी तिने पाटाकडे पाहिलं आणि विचारलं, हा माझ्यासाठी का? मॅडम म्हणाल्या, आपल्या दोघींसाठी. सुताराकडून दुसरा पाट करून घेतला. आता सोमवार, बुधवार, शनिवारच्या रात्री त्या मुलीच्या. भगेंद्राच्या बाईला मॅडमनी स्वतः समजावलं की ड्रेसिंग ही ताई करेल, हीपण बाईच आहे. बाईने त्या मुलीचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पडली टेबलावर.

मागच्या शनिवारी मॅडम मुलाला घेऊन कुरखेडा रोडवरच्या एका गावी नाटकाला गेल्या. फोन पिशवीत होता. मध्यंतरापर्यंत तीनदा काढून पाहिला, नंतर नाही. मुलगा दुसऱ्या अंकात झोपला, त्या पहाटेपर्यंत जाग्या होत्या.

या महिन्याच्या पार्सलमध्ये दोन खोके आले. एक साडेसहाचा, एक सहाचा. मुलीचा बाँड संपायला सात महिने राहिले आहेत.